सासूबाईंचं बोट

३ मार्चला पाणीपुरवठा कार्यालयाने ऑनलाइन बिल भरायच्या पानासाठी १८,७५० रुपये मंजूर केले आणि ते काम धाकट्या साडूला मिळालं. थोरल्याच्या पोटात दुखू लागलं. नमुन्याचं पान त्यानेही करून दिलं होतं. त्यावर चौदा बटणं होती, धाकट्याच्या पानावर अवघी चार!

कार्यालयातल्या साहेबांच्या अटीप्रमाणे दोन्ही पानं सासूबाईंनी वापरून पाहिली होती. थोरला मागून सांगत राहिला, "आई, वर बघा. तिथे नाही, डावीकडे!"

"जावईबापू, दर महिन्याला असेच पाठीशी उभे राहणार का?"

धाकटा मात्र आधी आठवडाभर त्यांच्या शेजारी तोंडाला कुलूप लावून बसला होता. त्यांचं बोट जिथे अडलं, तिथलं बटण त्याने काढून टाकलं.

"यात कसली आलीय अक्कल?" थोरला बायकोला म्हणाला.

"मग तुम्हीच बटणं का नाही काढलीत?"

खोट काढायची म्हणून त्याने आपला ग्राहक क्रमांक टाकून धाकट्याचं पान उघडलं. पहिल्याच ओळीत त्याच्याच नावावर मागील बाकी दिसली: बारा रुपये. त्याच्या स्वतःच्या पानावर ती नवव्या बटणाआड होती. त्यालाही कधी दिसली नव्हती. त्या ओळीखालीच 'भरा' हे बटण होतं. त्याने पान बंद केलं.

बारा रुपये अजून बाकी आहेत.