फुलंब्रीला अडकलेले जर्मन

दहावीचे किस्से संपत नाहीत. उलट दरवर्षी दोन-चार वाढतात! "शाळा सुटून पस्तीस वर्षं झाली, नवे किस्से येतात कुठून?" असं बायको विचारते. मी म्हणतो, अगं, खरे किस्सेच वाढतात. खोटे आहेत तेवढेच राहतात.

तर हे जे सांगतोय त्यात मीठ-मसाला घातलेला नाही. घातलीच असेल तर चिमूटभर हळद.

आम्हाला दहावीला आधुनिक जगाचा इतिहास होता. ज्या पोरांनी जालन्याच्या पुढची रेल्वे बघितली नव्हती, त्यांनी जर्मनी कुणाशी, कधी आणि कशापायी भांडला हे पाठ करायचं. वैताग नुसता! एका देशाला दुसऱ्याचा राग, दुसऱ्याचा तिसऱ्याशी तह, आणि मार्क आमचे कापायचे!

शिकवायला आवटे सर. सर निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. महायुद्धाला अजून चुकून 'जंगे-अजीम' म्हणायचे. "पोलीस अॅक्शन झाली आणि माझा युरोप रातोरात मराठी झाला," ते सांगायचे, "तेव्हापासून तो मलाच सापडत नाही!"

* * *

त्यात आमच्या बाकावर भगवान.

भगवान सिल्लोडकडच्या मेंढपाळाचा मुलगा. शहरात उस्मानपुऱ्यात आत्याकडं राहून शिकायचा. गणितात हुशार, पण आदल्या वर्षी इतिहासात उडाला होता. बापानं एकच सवलत दिली होती. आणखी एक वर्ष. या खेपेला नापास झाला, तर शाळा बंद आणि मेंढरांमागं जायचं. नुसती धमकी नव्हे! बापानं त्याच्या उंचीची बाभळीची काठी तासून, तेल पाजून दाराआड उभी करून ठेवली होती.

"दर सुट्टीला बघतो ना," भगवान म्हणायचा, "ती लई गुळगुळीत व्हायलीय."

त्यानं पहिल्याच तासाला हात वर केला. "सर, मेला ऑस्ट्रियाचा राजपुत्र. मारला सर्बियाच्या माणसानं. मग जर्मनी मधी कशाला?"

"दोस्ती होती."

"अन् रशिया?"

"त्याची दुसरीकडं दोस्ती होती."

"अन् इंग्लंड?"

सरांनी खडू खाली ठेवला. "भगवान, मला माहीत असतं तर मी हेडमास्तर झालो असतो!"

* * *

शाळेत युरोपचा एकच नकाशा होता, तो कपाटात, आणि कपाटाची किल्ली हरवलेली. शेवटी सरांनी एक दिवस फळ्यावर आमचं शहरच काढलं.

"नीट बघा. ही खाम नदी, म्हणजे इंग्लिश खाडी. खामच्या पलीकडं छावणी, म्हणजे इंग्लंड. त्याच्याही पलीकडं लांब वाळूज, कारखाने निघतायत तिथं. ती अमेरिका. अलीकडं गुलमंडी, म्हणजे फ्रान्स. शहागंज, जर्मनी. वर हर्सूल, पोलंड. आणि जळगाव रोडनं पार वर गेलात की सिल्लोड. रशिया!"

वर्ग खूश! युरोप एकदम सायकलच्या टप्प्यात आला.

खुलताबादला स्वित्झर्लंड केलं. "नकाशात बसत नाही," सर म्हणाले, "पण डोंगरावर आहे, हवा थंड आहे आणि तिथली माणसं आपल्या भांडणात पडत नाहीत. चालवून घ्या."

अडचण एकच होती. सर बुटके, फळा मोठा आणि सिल्लोड पार उजव्या कोपऱ्यात वर. सरांची फूटपट्टी हर्सूलच्या पुढं जाईना! मग प्रत्येक वेळी रशिया आला की सर उडी मारायचे.

* * *

शहागंजचा सलीम मात्र भडकला.

"सर, हमारा शहागंजच कायकू जर्मनी?"

"तुमच्याकडं घड्याळाचा टॉवर आहे म्हणून. जर्मन माणूस वेळेचा पक्का!"

"सर, वो घड्याळ तो कबसे बंद पड्या है!"

"म्हणून तर हरले!"

मी खो-खो हसलो. मी गुलमंडीचा. दुसऱ्याच दिवशी धडा पुढं सरकला आणि सलीमनं मला मधल्या सुट्टीत गाठलं. "क्या रे, तुम्हारी गुलमंडी तो छे हफ्तेच टिकी!"

आठवडाभर वर्गात मला 'शरणागत' म्हणत होते. यात माझा काय दोष होता, सांगा!

* * *

जानेवारीत भगवानचा बाप वर्गात आला. डोक्याला पागोटं, पायात जाड वहाणा. पोराचं कसं चाललंय ते बघायला आला होता. दारात उभा राहिला आणि नेमक्या त्याच वेळी सरांनी उडी मारली.

"मास्तर, काय चावलं व्हय?"

"नाही हो पाहुणे, सिल्लोड दाखवतोय. जर्मनांचा मिशीवाला सैन्य घेऊन सिल्लोड घ्यायला निघाला आणि फुलंब्रीला थंडीत अडकला." हिटलरचं नाव सर वर्गात घेत नसत. म्हणायचे, "तो मिशीवाला."

सिल्लोडच्या वाटेवरची फुलंब्री. म्हाताऱ्यानं त्या वाटेनं चाळीस वर्षं मेंढरं हाकली होती. तो खाली बसलाच.

"निघाला कवा?"

"जूनच्या शेवटी."

"पेरणीच्या वक्ताला? अन् पल्ला केवढा? संगं चारा, घोंगड्या?"

"नव्हत्या."

"मागं कोण व्हतं रसद द्यायला?"

"तेही मागं पडले."

म्हातारा उठला, धोतर झटकलं. "मास्तर, दीडशे मेंढरं घिऊन म्या असा निघालो असतो ना, तर बायकोनं घरात घेतलं नसतं! त्याला शाना कुणी म्हणलं?"

सर वर्गाकडं वळले. "लिहून घ्या. जर्मनीच्या पराभवाची कारणं. पहिलं, उशिरा निघाले. दुसरं…"

* * *

फेब्रुवारीत प्रिलिम झाली आणि सरांनी भगवानचा पेपर हातात घेऊन कपाळ धरलं.

'जर्मन विमानांनी छावणीवर बॉम्ब टाकले. परंतु खाम नदी ओलांडण्याची त्यांची हिंमत झाली नाही. हर्सूल पडले. सैन्य फुलंब्रीस अडकले.'

एकही कारण चुकलेलं नव्हतं. एकही गाव युरोपातलं नव्हतं!

"अरे, बोर्डाचा पेपर कुठं नागपूरला, रत्नागिरीला जातो!" सर कळवळले. "तिथल्या माणसाला काय कळणार हर्सूल पडलं म्हणजे? भगवान, काठी तुझी नाही रे, माझी तयार होतेय!"

त्या दिवसापासून नकाशा बंद. मी आणि सलीमनं भगवानला महिनाभर उलटं घोकवलं. आम्ही म्हणायचं "हर्सूल", त्यानं म्हणायचं "पोलंड". पण तो लिहायला बसला की पुन्हा खाम वाहायला लागायची! शेवटी त्यानंच युक्ती काढली. आधी सगळं पेन्सिलनं आपल्या गावांच्या नावानं लिहायचं, मग पेननं त्यावर युरोप चढवायचा, आणि पेन्सिल खोडायची.

"वेळ पुरंल का?" मी विचारलं.

"तुझी गुलमंडी सहा आठवडे टिकली, मला तीन तास लई झाले!"

* * *

बोर्डाच्या पेपरानंतर सर गेटवर उभे. "चढवला का युरोप?"

भगवान घामाघूम. "सगळा चढवला सर. पण घंटा झाली, अन् शेवटच्या पानावर एक फुलंब्री राहिली."

"पेन्सिलनं?"

"पेननं."

सर तिथंच कट्ट्यावर बसले.

* * *

निकालाच्या दिवशी म्हातारा आला. खांद्याला घोंगडी आणि हातात ती काठी. भगवान भिंतीला चिकटला.

सरांनी मार्कलिस्ट दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. भगवानला इतिहासात एकेचाळीस. पास! मी सगळी गावं युरोपातली लिहिली होती, मला अडतीस. त्या फुलंब्रीचं काय झालं, तो तपासणारा कोण होता, देव जाणे!

"पाहुणे, पोरगा कॉलेजला जाणार," सर म्हणाले. "ही काठी आता घरी न्या."

म्हाताऱ्यानं काठीवरून एकदा हात फिरवला. पोराकडं बघितलं. मग ती सरांच्या टेबलावर आडवी ठेवली.

"तुमीच ठिवा मास्तर. फळ्यावर सिल्लोडपत्तुर पुरंल."