बाजाराखालचं टेशन

चांद्याच्या कापडबाजाराखाली एक रेल्वे स्टेशन होतं असं मी सांगते, तेव्हा नातवंडं एकमेकांकडे बघून हसतात. हसू द्या. आमचे घरधनी त्या स्टेशनावर कामाला होते.

स्टेशन म्हणजे कोळशाच्या खाणीतलं. जमिनीखालच्या बोगद्यांतून बारके रूळ टाकलेले होते. त्यांवरून कोळशाचे लोखंडी डबे ढकलत आणायचे आणि सगळे बोगदे जिथे मिळतात तिथे त्यांची गाडी जोडायची. मग घंटी दिली की वरचं इंजिन दोराने ती गाडी ओढून घेई. तिथे दिवा होता, बसायला फळी होती, पाण्याचा माठ होता, म्हणून सगळे त्याला टेशन म्हणत. ते बरोबर कापडबाजाराच्या खाली आहे असं खाणीतले लोक छातीठोकपणे सांगत. खरंखोटं साहेबालाच ठाऊक.

मी आरमोरीकडची, धानाच्या बांध्यांत वाढलेली. एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर लग्न होऊन चांद्याला आले. पहिल्यांदा बाजारात गेले आणि आपला माणूस आपल्या पायाखाली काम करतो आहे हे मनात आलं, तर मला चालवेना. चपला काढून हातात घेतल्या. घरी येऊन हे सांगितलं, झालं, चिडवायला निमित्तच मिळालं. "काऊन वं, आज बाजारात गेली होती का? माह्या डोक्यावर माती पडली." मी रुसायची, पण पुढच्या खेपेला चपला पुन्हा हातात.

टेशनावर दोघांची जोडी असे; ती खाणीतला मुकादम, म्हणजे सरदार, लावून देई. एकाने डबे ढकलायचे, दुसऱ्याने दोन डब्यांच्या मधे शिरून कडी अडकवायची. कडीचं काम वाईट. मागून एखादा डबा घरंगळत आला तर मधला माणूस चेंगरायचा. म्हणून दोघे आळीपाळीने कडीवर जात. मात्र खाली एक रीत होती. ज्याची बायको पोटुशी असेल त्याने कडीला हात लावायचा नाही. ती सुटेपर्यंत त्याची पाळी त्याच्या नेहमीच्या जोडीदाराने घ्यायची; नव्याने जोडलेल्या माणसावर ते बंधन नसे. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती आणि तिच्याविरुद्ध कोणी ब्र काढत नसे.

आमच्या घरधन्यांचा जोडीदार शेजारच्याच खोलीत राहायचा. सिरोंच्याकडचा तेलुगू माणूस, फार अबोल. त्याच्या वाटणीचं बोलणं त्याची बायको बोलायची. तिला मी अक्का म्हणत असे. तिला दोन मुली होत्या, मोठीच्या पाठीवर धाकटी. मला दिवस गेलेत हे माझ्याआधी तिनेच ओळखलं. मी म्हटलं, एवढ्यात कोणाला सांगू नको, मला लाज वाटते. तिने मला वेड्यात काढलं.

"लाजून का करते? आजच सांग त्याले. आजपासून कडी माह्या माणसाची."

त्या दिवसापासून मी सुखात होते. हे लिहिताना माझं मलाच बरं वाटत नाही, पण होते. ते कामावरून आले की हातपाय धुवायच्या आत मी विचारायची, "कडी कोणं लावली?"

"त्यानंच."

"दिवसभर?"

"दिवसभर. किती खेपा इचारशीन?"

मग मला अन्न गोड लागायचं. दोन खोल्यांच्या मधे बांबूचा तट्ट्या होता, तोही जुना. पलीकडे अक्का चुलीपाशी असायची. तिला हे सगळं ऐकू जात असणार, पण तिने कधी वाकडा शब्द काढला नाही. उलट मला चिंच आणून द्यायची आणि मी आंबट तोंड केलं की हसायची.

मला सातवा लागला होता. एका दुपारी भोंगा अवेळी वाजला. भोंगा अवेळी वाजला की कोणाला काही सांगावं लागत नसे. आम्ही सगळ्या बायका हातातलं टाकून खाणीच्या तोंडाशी धावलो. मला धावता येईना, म्हणून अक्काने माझा हात धरला होता. तिथे वर आलेला एक माणूस म्हणाला, "टेशनावर झालं. कडीवरचा चेंगरला."

कडीवर कोण, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. माझा जीव भांड्यात पडला. अक्काचा हात माझ्या हातात होता आणि त्याच वेळी माझा जीव भांड्यात पडला. ते तिला माझ्या हातातूनच कळलं असेल, कारण तिने आपला हात हळूच सोडवून घेतला आणि पुढे जाऊन उभी राहिली.

त्याला आमच्या घरधन्यांनीच खांद्यावर वर आणलं. तो वाचला, पण दवाखान्यात गुडघ्याखाली पाय कापावा लागला. त्यानंतर घरी ते जेवताना मान वर करत नसत. मी एकदा म्हटलं, यात तुमचा काय दोष?

"दोष कुठी म्हणून राह्यलो मी?" ते म्हणाले. "पाळी माही होती, एवढंच."

महिनाभराने अक्काचं बिऱ्हाड गावी निघालं. मोटार पकडायची होती. मी सामान बांधू लागायला गेले. खरं तर तिच्यासमोर पोट घेऊन उभं राहायचीच मला शरम वाटत होती. अक्का भांडी पोत्यात भरता भरता एकदम उठली, दाराबाहेर गेली आणि ओकली. तोंड धुऊन परत आली तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिले.

"कितवा?"

"चौथा लागला."

"म्हणजे भोंगा झाला तेव्हा..."

"होतं. ठाऊक होतं मले."

"मग काऊन नाई सांगितलं? तुमच्या माणसालेही कडी सुटली असती."

ती पुन्हा भांडी भरू लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोघांनीही कडी सोडली तर सरदार जोडी तोडते. तुह्या माणसाले भलत्यासंग जोडलं असतं. भलता माणूस कायले कोणाची पाळी घेते? म्हटलं, तू मोकळी झाली की सांगू."

हातभार लावावा म्हणून मी तिचं पोतं उचलायला वाकले, तर तिने माझं मनगट धरलं.

"तू नको उचलू," ती म्हणाली. "तुही पहिली खेप आहे." आणि पोतं तिने आपल्या डोक्यावर घेतलं.