कुरुमी घळीतला फास

ओचिबारा वाडीत अळंबीच्या दिवसांत कोणी कोणाला खरी वाट सांगत नाही. "कुठे निघालात?" असे विचारणे हा शिष्टाचार आहे, आणि "इथेच, जरा पलीकडे" असे उत्तर देणे हाही शिष्टाचारच आहे. मात्सुताके ही महागडी अळंबी उगवण्याची जागा ज्या घराला ठाऊक असते, ते घर ती पोटच्या मुलालाही उशिरा दाखवते. काही माणसे तर ती जागा सोबत घेऊनच स्मशानात जातात. तोमिएबाई मोमोसे यांचे यजमान तसेच गेले.

तोमिएबाईंना त्याचा राग नव्हता. माहेरी असताना त्या वडिलांबरोबर डोंगरात जात. लाल पाइनच्या सुयांखाली जमीन किंचित फुगलेली दिसली की तिथे हात घालावा, हे त्यांना लहानपणीच कळत होते. शाळेला त्या सायकलने जात आणि उतारावर ब्रेक लावीत नसत. सासरी आल्यावर दोन्ही गोष्टी सुटल्या. त्यांना कोणी मनाई केली असे नव्हे. पण डोंगर सासऱ्यांचा आणि मग यजमानांचा झाला, आणि रस्त्यासाठी घरात छोटा ट्रक आला. आणलेल्या अळंबीची माती बायकांनी ओल्या फडक्याने पुसावी, एवढाच त्यांचा डोंगराशी संबंध उरला.

यजमान गेल्यानंतर एकदा ट्रक मागे घेताना त्याचे चाक पाटात गेले. त्याच आठवड्यात तोमिएबाईंनी आपणहून वाहन चालवण्याचा परवाना परत केला. मग कोठारातली, पुढे टोपली असलेली जुनी सायकल बाहेर निघाली. पहिल्या दिवशी त्या सायकलीसकट भाताच्या खाचरात पडल्या. शेजारच्या वाडीतले एक वृद्ध गृहस्थ वृद्धाश्रमात गेले, तेव्हा त्यांची कुत्री किबी हिला कोणी घेईना. तिला तोमिएबाईंनी घरी आणले. वरीच्या दाण्यासारखा तिचा रंग होता. आयुष्यभर ती साखळीला बांधलेली होती आणि तिला धावणे ठाऊक नव्हते. त्या वर्षी दोघी एकदमच शिकल्या. सपाट वाटेवर किबी सायकलीच्या बाजूने धावे, आणि चढ आला की मागे बांधलेल्या पिवळ्या क्रेटमध्ये बसून येई.

गेल्या शरद ऋतूत कुरुमी घळीच्या वर किबी एका पाइनखाली थांबली आणि हलेना. तोमिएबाईंनी गुडघे टेकून सुया बाजूला सारल्या. खाली मात्सुताकेचे पांढरे देठ होते, एकाशेजारी एक. ही जागा यजमानांची होती की निराळी, हे त्यांना कधी कळले नाही. कळावे असेही वाटले नाही. जागा किबीने दाखवली होती, म्हणून ती दोघींची झाली.

त्यानंतर त्याही वाडीसारख्याच वागू लागल्या. सायकल त्या भलत्याच घळीच्या तोंडाशी, नेच्यांच्या झुडपात आडवी करून ठेवीत. अस्वले असल्यामुळे डोंगरात प्रत्येक जण कमरेला घंटी बांधतो, आणि किबीच्या पट्ट्यालाही एक होती. पण घंटीच्या आवाजाने माणसाचा माग लागतो. तेव्हा जागा जवळ आली की त्या दोन्ही घंट्यांत शेवाळ कोंबीत. अस्वलापेक्षा शेजाऱ्याची भीती अधिक, असे ते दिवसच असतात.

त्या दुपारी पुलाजवळ शिगेमासा कारासावा भेटले. ते शाळेत त्यांच्या एक वर्ष पुढे होते. पिकांची नासाडी करणारी रानडुकरे पकडण्याचा परवाना वाडीत त्यांच्याकडे होता. ते आपल्या ट्रकमध्ये तारांची वेटोळी चढवीत होते.

"काय गं तोमी, आज पालखी कुठे निघाली?" क्रेटमधल्या किबीकडे पाहत त्यांनी विचारले.

"कबरीवर. फुलं ठेवायला."

शिगेमासांनी रिकाम्या टोपलीकडे पाहिले. "फुलं पायी येतायत वाटतं मागून."

"रानात काय कमी आहेत? तू आपल्या डुकरांचं बघ."

मग शिगेमासा गंभीर झाले. सानोंच्या शेताचा डुकरांनी एका रात्रीत चिखल केला होता, म्हणून त्यांनी नवे फास लावले होते. "हिकागे घळीत लावलेत. पूर्वेला. कुत्री घेऊन तिकडे अजिबात जाऊ नकोस."

तोमिएबाईंनी मान लववून आभार मानले. त्यांना पश्चिमेला जायचे होते.

त्या कबरीच्या वाटेने वळल्या, ट्रक दिसेनासा होईपर्यंत थांबल्या आणि मग उलट फिरल्या. सायकल दोन घळी अलीकडे लपवली. शेवाळ कोंबलेल्या घंट्या मुक्या झाल्या. किबी पुढे चालत होती, शेपटी वर, नाक जमिनीला.

पाइनांच्या रांगेपाशी पोहोचण्याआधीच खटका उडाल्याचा आवाज झाला. त्यापाठोपाठ किबी किंचाळली. कुत्रे असे ओरडू शकते हे तोमिएबाईंना माहीत नव्हते.

किबीचा पुढचा उजवा पाय तारेच्या फासात होता. तार एका ओकच्या बुंध्याला बांधलेली होती. किबी उसळे, तार ताणली जाई आणि फास आणखी आत रुते. तोमिएबाई धावत गेल्या, तिला मिठीत धरून जमिनीवर बसल्या आणि फासात बोट घालू लागल्या. बोट जाईना. फासावर एक छोटा चाप होता आणि त्याला पान्यानेच फिरेल असा नट होता. त्यांनी तो नखांनी फिरवून पाहिला, मग सुरीच्या टोकाने. सुरी निसटून किबीच्या पायाला लागली आणि किबी त्यांच्या मनगटाला चावली. चावून लगेच तिने तेच मनगट चाटले.

ओकच्या बुंध्याला एक पत्र्याची पाटी टांगलेली होती. ज्याने फास लावला त्याचे नाव तिथे असावे लागते. तोमिएबाईंनी ती उलटी केली. तिच्यावर शिगेमासा कारासावा असे लिहिलेले होते.

पूर्वेला, असे ते म्हणाले होते. मग तोमिएबाईंच्या ध्यानात आले की शिगेमासांच्या वडिलांचीही अळंबीची एक जागा इकडे पश्चिमेलाच कुठेतरी असल्याची कुजबुज होती. मुलाने ती राखली होती. तोमिएबाईंनी कबरीचे नाव सांगितले, शिगेमासांनी हिकागे घळीचे. दोघांनी एकाच पद्धतीने एकमेकांना फसवले होते, आणि तार किबीच्या पायात रुतत होती.

पंजा फुगू लागला होता. पंजा फार वेळ जखडलेला राहिला तर तो कापावा लागतो, हे रानडुकरांच्या मुलखात सर्वांना ठाऊक असते. आणखीही एक गोष्ट त्यांना दिसली. वरच्या चेस्टनटच्या झाडात मोडलेल्या फांद्यांचे घरटे झाले होते आणि खाली फोडलेली ताजी काटेरी फळे पडली होती. अस्वल जेवून गेले होते, किंवा जेवण अजून संपायचे होते. अडकलेल्या जनावराचा आवाज अस्वलाला बोलावतो.

फोन खिशात होता, पण घळीत तो लागत नसे. कड्यावर चढावे लागणार होते. म्हणजे किबीला इथे एकटीला सोडावे लागणार होते.

तोमिएबाईंनी आपले जाकीट तिच्याभोवती गुंडाळले आणि घंट्यांतले शेवाळ बोटाने उपसून काढले. एक घंटी किबीच्या गळ्यात वाजू लागली. "इथंच आहे गं मी," असे म्हणत त्या उठल्या. पाठ फिरवताच किबी उसळली आणि तार पुन्हा कडकडली. त्या थांबल्या असत्या तर बरे वाटले असते, पण पाय सुटला नसता. त्या मुळे धरून, गुडघ्यांवर, चढत गेल्या. खालून येणारे भुंकणे हळूहळू रडण्यासारखे झाले. मग ते बंद पडले. ते बंद पडल्यावर त्यांना अधिक भीती वाटली.

कड्यावर फोन लागला.

"शिगे, किबी तुझ्या फासात अडकलीय. पाना घेऊन ये."

"हिकागेत? अगं, मी सांगितलं होतं ना..."

"हिकागेत नाही."

मग शिगेमासांनी हलक्या आवाजात विचारले, "कुठे?"

आजवर हे उत्तर त्यांनी कोणालाही दिले नव्हते, स्वतःच्या मुलालाही नाही. ते त्यांनी एका दमात दिले. "कुरुमी घळ. दुसऱ्या ओढ्याच्या वर, लाल पाइनांची रांग आहे तिथे. कातळाच्या डाव्या अंगाने ये, उजवीकडून वाट नाही. आणि माझी सायकल दिसली तर तिकडे वळू नकोस, ती भलतीकडे आहे."

"कळलं," शिगेमासा म्हणाले. मग म्हणाले, "तोमी, खाली जाऊ नकोस. तिथं पिल्लं घेऊन अस्वलीण फिरतेय. मी पाहिलीय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

ट्रकचे दार आपटल्याचा आवाज आला.

तोमिएबाई खाली उतरल्या. किबी जाकिटावर पडली होती, डोळे उघडे, जीभ बाहेर. त्यांनी तिचे डोके मांडीवर घेतले आणि फासाकडची तार सैल राहावी म्हणून तिचा पाय आपल्या हाताने उचलून धरला. दुसऱ्या हाताने त्या घंटी वाजवू लागल्या.

वरच्या उतारावर फांदी मोडली. वारा नव्हता. किबीच्या पाठीवरचे केस उभे राहिले, पण ती भुंकली नाही. ती तोमिएबाईंच्या पोटात शिरू पाहत होती. पळू नये, ओरडू नये, माणूस आहे हे कळू द्यावे, असे वडिलांनी शिकवले होते. म्हणून त्या मोठ्याने आणि सावकाश बोलू लागल्या. बोलण्यासारखे काही सुचेना, तेव्हा त्या किबीला घरापासून तळ्यापर्यंतची रोजची वाट सांगू लागल्या: आधी देवळाची कमान, मग उतार, तिथे ब्रेक लावायचा, मग सानोंचे शेत, मग पूल. वर काहीतरी जड पाचोळ्यातून सरकले आणि थांबले. तोमिएबाई बोलतच राहिल्या. तळे आले, तळ्याचा बांध आला, पुन्हा परतीची वाट सुरू झाली. वाडीच्या भोंग्यावर रोजची संध्याकाळची धून वाजली. त्याच वेळी वरचा पाचोळा पुन्हा वाजला, आता जरा दूर.

काही वेळाने खालून घंटी ऐकू आली, आणि तिच्याबरोबर शिगेमासांचा ओरडा. ते कातळाच्या डाव्या अंगाने आले. त्यांनी कोट काढून किबीच्या डोक्यावर टाकला, तिचा खांदा गुडघ्याखाली दाबला आणि पाना नटाला लावला. नट फिरला. तार सैल झाली. पंजा गार आणि टम्म सुजलेला होता आणि किबीने तो जमिनीवर टेकण्याचा प्रयत्नच केला नाही.

"चल," शिगेमासा म्हणाले. त्यांनी किबीला उचलले. निघताना त्यांचा पाय सुयांच्या एका फुगवट्याशेजारी पडला. त्यांनी खाली पाहिले, पाय उचलून बाजूला ठेवला आणि पुढे चालू लागले. तोमिएबाईंनी ते पाहिले.

गावाच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद करून जेवण मांडले होते. त्या तशाच बाहेर आल्या. त्यांनी जखम धुतली, मग चिमट्याने किबीचे एकेक बोट दाबले. पहिल्या बोटाला काही झाले नाही. दुसऱ्यालाही नाही. तोमिएबाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. तिसरे बोट दाबताच किबीने पाय मागे ओढला आणि गुरगुरली.

"गुरगुरतेय ना, मग चांगलं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त पोहोचतंय. एखादं बोट जाईल कदाचित. पाय राहील."

तोमिएबाई तेव्हा खुर्चीवर बसल्या. त्यांच्या मनगटाच्या चाव्यावर पट्टी बांधून घ्यायला त्या तयार नव्हत्या, पण डॉक्टरीणबाईंनी ऐकले नाही.

परतताना किबी त्यांच्या मांडीवर झोपली होती. पुलाजवळ शिगेमासांनी ट्रक बाजूला घेतला आणि दिवे बंद केले.

"एक फास कुरुमीत, तो तू पाहिलास," ते समोर पाहत म्हणाले. "दुसरा देवळामागे, बांबूच्या बेटात. तिसरा ओढ्याच्या वळणावर, मोठा दगड आहे त्याच्या खाली. चौथा पश्चिमेच्या चुनखडीच्या टेकाडावर. जुळी पाइनं आहेत बघ, त्यांच्या मधून वर गेलं की सपाटी लागते. तिथं."

टेकाडावर रानडुकराला खाण्यासारखे काही नव्हते, हे तोमिएबाईंना ठाऊक होते. तिथे फास कशाच्या राखणीसाठी होता, हेही त्यांना कळले. शिगेमासांच्या वडिलांनी अळंबीची ती जागा मुलाशिवाय कोणालाही दाखवली नव्हती.

"हिकागेत?" तोमिएबाईंनी विचारले.

"हिकागेत एकही नाही."

तोमिएबाई किबीच्या कानामागे बोट फिरवीत राहिल्या. "टेकाडावरचा काढून टाक," त्या शेवटी म्हणाल्या. "बाकीचे राहू देत, भात वाचायला हवा. पण पाटी झाडाला नको लावूस. वाट सुरू होते तिथे लाव."

"मग सगळ्या वाडीला कळेल."

"कळू दे," तोमिएबाई म्हणाल्या.

शिगेमासांनी दिवे लावले, आणि सायकल नक्की कोणत्या नेच्यांत ठेवली आहे ते विचारले.