एक कवाड बंद

दोन्ना एर्सिलियाचा साव्हेरियोवर काडीचाही विश्वास नव्हता. माणूस इतकं गोड बोलतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे तिचं ठाम मत. नेपल्सच्या जुन्या भागातल्या त्या इमारतीत कायमची राहणारी आता ती एकटीच उरली होती. बाकीची घरं मालकाने सुट्टीला येणाऱ्या प्रवाशांना भाड्याने द्यायला काढली होती आणि साव्हेरियो त्याचा कारभारी. चादरी बदलायच्या, किल्ल्या द्यायच्या आणि एर्सिलियाच्या मते, म्हातारी कधी मरते याकडे डोळे लावून बसायचं. तिच्या घराच्या सज्जातून चर्चचा घुमट दिसायचा. असं घर मालक सोडतोय थोडाच!

"तब्येत कशी आहे, दोन्ना एर्सिलिया?" साव्हेरियो जिन्यात भेटला की 'दोन्ना', म्हणजे बाईसाहेब, असं अदबीने म्हणत विचारायचा.

"तुझी निराशा होईल अशी."

रविवारी तो पेस्ट्री आणायचा. पहिला घास त्याने स्वतः खाल्ल्याशिवाय ती हात लावत नसे. तोही बिचारा निमूट खायचा.

हातमोजे शिवता शिवता तिचं आयुष्य याच घरात गेलं. मुलगा तोरिनोला गेला तो तिकडचाच झाला. नवरा, नुन्झियो, इथेच वारला. तेव्हा रीतीप्रमाणे खालच्या मोठ्या दाराचं एक कवाड मिटलं आणि बघता बघता सगळी गल्ली साखर-कॉफीची पुडकी घेऊन जिन्यात उभी राहिली. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या तितीनाने सूपचं पातेलं आणलं होतं. आता अंगणापलीकडे गल्लीत जाणं एर्सिलियाने केव्हाच सोडलं होतं, पण आपल्या वेळीही असंच होणार, याबद्दल ती निर्धास्त होती.

मग एके दिवशी साव्हेरियो फोटोवाल्याला घेऊन आला. दोघे अंगणात उभे राहून तिच्याच सज्जाकडे बोट दाखवत होते. एर्सिलियाने ते वरून पाहिलं. या वयात घर गेलं तर जायचं कुठे? तोरिनोला, सुनेच्या राज्यात?

तिने सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. मी मेले असं वाटलं तर हा काय घेऊन येतो ते बघू, कॉफी की घर मोजायची टेप! सकाळी ती खाली उतरली, मोठ्या दाराचं एक कवाड लावून टाकलं आणि वर येऊन दाराआड खुर्ची टाकून बसली.

खालून बॅगांच्या चाकांचा खडखडाट येत होता. अर्ध्या दारात कोणाची तरी बॅग अडकली, परक्या भाषेत शिव्या झाल्या. दुपार कलली. मग जिन्यात पळत येणारी पावलं वाजली आणि कुणीतरी दार बडवलं. तिने धाडकन दार उघडलं.

समोर साव्हेरियो. छातीशी साखर-कॉफीची पुडकी, डोळे लाल. तिला बघून तो किंचाळला आणि मटकन पायरीवर बसला.

"तुम्ही... गेलात ना?"

"गेल्यासारखी दिसते का? टेप कुठाय? खिसे दाखव!"

"कसली टेप? म्हातारे, डोकं फिरलंय का तुझं? जीव गेला असता ना माझा!"

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच तिच्याशी एकेरीत बोलला आणि तिला ते मनापासून आवडलं.

"मग तो फोटोवाला?"

"मालकाने पाठवला होता. मी सांगितलंय त्याला, ही बाई हलायची नाही, तिच्या घराचं नाव काढलंस तर चादरी तूच बदल. तेव्हापासून गप्प आहे."

एर्सिलियाने त्याला आत घेतलं, खुर्ची दिली. लाज वाटली तरी ती दाखवायची तिला सवय नव्हती.

"बरं, बाकीचे कुठे राहिले? कवाड तर सकाळपासून बंद आहे."

"बाकीचे कोण?"

"तितीना. बेकरीवाला. समोरच्या दोघी बहिणी."

साव्हेरियोने पुडकी टेबलावर ठेवली. "तितीनाला मुलीने नेलं, दोन्ना एर्सिलिया. बेकरीच्या जागी आता प्रवाशांच्या बॅगा ठेवतात. त्या बहिणींच्या घराच्या किल्ल्या माझ्याकडेच आहेत. गल्लीत राहतं कोण आता? सकाळपासून सगळ्यांनी कवाड बघितलं असेल, पण त्याचा अर्थ कळणार कुणाला?"

ज्याच्यावर एर्सिलियाचा संशय होता तो एकटा आला होता आणि ज्यांच्याबद्दल तिला कधी शंकाच आली नव्हती, त्यांच्यातलं येण्यासारखं कुणी उरलंच नव्हतं. ती टेबलाशी बसली आणि स्वतःसाठीच ढसाढसा रडली.