लग्न पुढं गेलं जी, बयाना द्या!

मांडव सोडायला दोन घंटे पुरतात, पण त्या मांडवापायी झालेल्या गोष्टी डोक्यातून सुटत नाहीत. फुलचूरला बिसेनभाऊंचं बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, गाद्या, स्टेज, सगळं भाड्यानं. बारा वर्षं झाली, मी तिथे बुकिंगच्या टेबलावर बसतो. बुकिंगला आलेले लोक मला आठवत नाहीत. ते सगळे सारखेच खुश असतात! आठवतात ते लग्न पुढं ढकलून बयाना, म्हणजे बुकिंगचे आगाऊ पैसे, परत मागायला आलेले.

*

दुकानात मोठी पाटी आहे : 'बयाना परत मिळणार नाही.' दर सीझनला भाऊ ती नव्यानं रंगवून घेतात. आणि दर सीझनला स्वतःच बयाना परत देतात!

एकदा मी चिडलो. "भाऊ, देऊनच राहिले तर पाटी कायले लावता?"

भाऊ म्हणाले, "पाटी वाचूनही जो मागते, त्याची गरज खरी असते ना बे!"

*

गोरेगावहून एक बापलेक आले. बाप खाली मान घालून बसला. म्हणाला, "पोरीले पोलिसची ट्रेनिंग लागली. लग्न पुढं गेलं जी. बयाना द्या."

"आनंदाची गोष्ट आहे, मग तोंड काऊन पाडलं?" भाऊंनी विचारलं.

उत्तर पोरीनंच दिलं. "बाबाले वाटते, तो पोरगा थांबणार नाही. बयाना नको काका, पुढच्या सालची तारीख लिहा."

बाप कळवळून म्हणाला, "अन् नाही थांबला तर?"

"ट्रेनिंग पोलिसचीच आहे न बाबा. धरून आणीन!"

दुकानभर हशा झाला. पण खरी गोष्ट त्यानंतरची. तो पोरगा दर महिन्याला मोटरसायकलनं दुकानात यायचा. डेकोरेशनचा अल्बम पाहायचा, आमच्यासोबत चहा प्यायचा आणि जायचा. तीन-चार वेळा झाल्यावर मी विचारलं, "डिझाईन बदलायची आहे का?"

"नाही जी," तो लाजून म्हणाला. "ट्रेनिंगमध्ये तिचा फोन जमा असते. इथं आलो की लग्न ठरलेलं आहे असं वाटते."

*

मुर्रीचे एक काका होते. पोरगा आखाती देशात वेल्डर. लग्न दोनदा ठरलं, दोनदा त्याची सुट्टी कॅन्सल झाली. नवी तारीख विचारायला मी काकांच्या घरी सारखा फोन करायचो. कामच होतं माझं.

एक दिवस काका स्वतः दुकानात आले. मला वाटलं, बयाना मागतील. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "पैसे राहू द्या. पण तुमी फोन नोका करू. घंटी वाजली का पोराची माय चुलीवरचं टाकून धावते. तिले वाटते, त्याचाच आला."

तेव्हापासून भाऊ स्कूटर काढून मुर्रीला जाऊन विचारून येतात. मी म्हटलं, "पेट्रोल जाते भाऊ." त्यांनी स्कूटरला किक मारली. मी पुन्हा म्हटलं नाही.

*

मागच्या उन्हाळ्यात आमगावहून एक मॅडम आल्या. शाळेतून नुकत्याच रिटायर झालेल्या. पर्समधून त्यांनी पिवळी पडलेली पावती काढून टेबलावर ठेवली. त्यावर भाऊंच्या वडिलांची सही होती.

"माझ्या लग्नाची आहे," मॅडम म्हणाल्या. "बाबांच्या पेटीत सापडली. लग्नाला पंधरा दिवस होते आणि बाबा गेले. घरात मी मोठी, खाली तीन भावंडं. लग्न पुढं ढकललं. मग ढकलतच गेलं. ज्यांच्याशी ठरलं होतं, त्यांनी तीन वर्षं वाट पाहिली. शेवटी मीच निरोप धाडला, दुसरी मुलगी पाहा म्हणून."

भाऊंनी गल्ला उघडला. "मॅडम, तुमचा बयाना आमच्याकडेच राहिला. आज देतो."

"पैसे नको भाऊ." मॅडम थोड्या घुटमळल्या. "त्या काळी स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्या कशा असायच्या? म्हणजे, आमच्यासाठी कोणत्या येणार होत्या, तेवढं पाहायचं होतं."

भाऊ त्यांना मागच्या गोदामात घेऊन गेले. मीही मागोमाग गेलो. एका कोपऱ्यात जुन्या लाकडी खुर्च्यांची जोडी होती. लाल मखमल, हातांवर कोरलेले मोर. भाऊंनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं एक खुर्ची पुसली. मग दुसरीही पुसली आणि पहिलीच्या बाजूला आणून ठेवली.

"बसा न मॅडम."

मॅडम बसल्या. पदर सारखा केला. पर्स बाजूच्या खुर्चीवर ठेवली.

मग ती उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेतली.