पट्टा मांडीवर

सिद्रामअण्णा गेल्याचं मला कुणी कळवलं नाही, ते मलाच कळवावं लागलं. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी त्यांच्या घरी फोन लावला. महादेवीवहिनींनी उचलल्या उचलल्या विचारलं, "ताई, पंखा कसा चाललाय ओ? सकाळधरनं त्येंच्या डोक्यात त्योच हुता." समोर दारातच माझी जीप उभी होती. किल्ली काढून कितीतरी वेळ झाला होता, तरी बॉनेटच्या आत इंजिन थंड करणारा तो नवा पंखा अजून घरघरत होता... शेवटी मी म्हणाले, "पंखा चांगला चाललाय वहिनी." आणि मग पुढचं सांगितलं. कसं सांगितलं, ते आता आठवत नाही.

सव्वा महिना होऊन गेला. अण्णा कुणी मोठे नव्हते. सोलापुरात एका बंद गिरणीच्या भिंतीला लागून त्यांचं गॅरेज होतं आणि करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतच्या जुन्या जीपा तिथं दुरुस्तीला येत. मी जनावरांची डॉक्टर. सीना नदीच्या काठच्या वस्त्यांवर जायचं तर काळ्या रानातून, ओढ्यांतून जावं लागतं, तिथं बाकीच्या गाड्या हात टेकतात. म्हणून वडिलांची जुनी डिझेल जीप मी आजवर सोडलेली नाही. ती घेऊन पहिल्यांदा अण्णांकडे गेले त्याला सव्वीस वर्षं झाली. गाडीकडे न बघताच ते म्हणाले, "इंजन तापतंय व्हय?" मी चिडून विचारलं, कशावरून? तर म्हणे, "तुमच्या तोंडावरनं. त्येबी तापलंय की."

त्यांची एक सवय होती. गाडी बंद केली की लगेच हलायचे नाहीत. बॉनेटवर तळहात ठेवून, डोळे मिटून, कन्नडमध्ये आकडे मोजायचे. ओंदु, एरडु, मूरु... आत तापलेलं लोखंड टकटक वाजत असतं, पाणी बुडबुडत असतं. ते किती आकड्यांत शांत होतं त्यावरून गाडीचं दुखणं त्यांना कळायचं. "चालू गाडीचं समदेच ऐकत्यात," ते म्हणायचे, "बंद झाल्यावर ती कशी निवती, त्ये ऐकावं." आई अक्कलकोटकडची, घरात तिच्याशी कन्नडच, म्हणून मोजणी त्या भाषेतली. मीही हट्टानं शिकले. दहापर्यंत शिकवलं आणि म्हणाले, "हत्तु. हितं थांबा. चांगली गाडी असंल तर याच्या फुडं लागत न्हाय. फुडचं नंतर शिकवतो." ते नंतर राहूनच गेलं.

जीपचा मूळचा पंखा लोखंडी, सहा पात्यांचा. इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा. इंजिन चालू की पंखा चालू, ना बटण ना वायर. अण्णांचा त्या पंख्यावर फार जीव. त्याची खोड एकच, पाण्यात घातला की तो बोटीच्या पंख्यासारखा पाणी ओढतो, पाती पुढं वाकतात आणि समोरचा रेडिएटर फाडतात. म्हणून अण्णांच्या गॅरेजचा एक नियम होता आणि त्यांच्याकडे येणारा प्रत्येक ड्रायव्हर तो पाळायचा. ओढा आला की थांबायचं. बॉनेट उघडून बोल्ट सैल करायचा, पट्टा काढायचा आणि तो स्वतःच्या मांडीवर ठेवायचा. डिकीत नाही, शेजारच्या सीटवर नाही, मांडीवरच. ओढा ओलांडायचा, पुन्हा उतरून पट्टा चढवायचा, मग पुढं. काळ्या ग्रीसनं माझ्या किती सलवारी वाया गेल्या त्याचा हिशेब नाही. मी कुरकुर केली की म्हणायचे, "डाग पडू द्या. डाग बघून ध्यानात ऱ्हातंय."

दोन पावसाळ्यांपूर्वी मी तो नियम मोडला. एका वस्तीवर म्हैस अडली होती, फोनवर फोन येत होते. ओढा जेमतेम गुडघाभर दिसला. कोण आता दहा मिनिटं बोल्टशी झटापट करणार, म्हणून मी गाडी तशीच घातली. मधोमध खाडकन आवाज झाला, वाफ आली आणि सगळं थंडावलं. उरलेली वाट बॅग घेऊन चिखलातून चालत गेले. पोचेपर्यंत म्हैस गेली होती आणि पोटातलं रेडकूही. तरी मालकानं मला चहा केला. दुसऱ्या दिवशी अण्णांसमोर वाकडा पंखा आणि फाटका रेडिएटर टाकून मी जाहीर केलं, "बस्स. आता विजेवरचा बसवायचा."

त्यावर आम्ही वर्षभर भांडलो. माझं म्हणणं सरळ होतं. चिखलात गाडी मुंगीच्या पावलानं चालते, तेव्हा इंजिन हळू फिरतं, म्हणजे पट्ट्यावरचा पंखाही हळूच फिरणार, नेमकी जेव्हा जास्त वाऱ्याची गरज तेव्हाच. विजेवरचा पंखा बॅटरीवर चालतो, इंजिन हळू असो की बंद असो, तापलं की आपोआप पूर्ण जोरात लागतो. आणि ओढा आला की डॅशबोर्डवरचं एक बटण बंद करायचं, संपलं! अण्णा मान हलवायचे. धुळीनं मोटर जाते, वायर उंदीर कुरतडतो, फ्यूज उडतो. "लोखंडी पंखा दगा देतोय तवा आवाज करून देतोय. विजंचा मुकाट्यानं बंद पडतोय. तुमी आपलं गाणी ऐकत जाताय आन् इंजन शिजतंय." मी म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? ओढा ओलांडला की बटण परत चालू करीन. त्यावर ते जे म्हणाले ते आता माझ्या डोक्यातून जात नाही. "ताई, पट्टा मांडीवर असतोय, त्यो इसरायचा कसा? बटन काय मांडीवर असतंय व्हय?"

मी हसले. मला वाटायचं, जुनं ते सोनं म्हणणारा हा माणूस, ह्याला नवं काही नकोच आहे.

शेवटी तेच तयार झाले आणि कारण मला अपेक्षित नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये बसले असताना पाण्याच्या बाटलीचं झाकण मला उघडेना. बोटांचे सांधे धरतात आता. मी कुणाला बोलले नव्हते. अण्णांनी बाटली घेतली, उघडून दिली, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "बसवू विजंचा. तुमच्या बोटांसाठी बसवतोय, पंख्यासाठी न्हाय." दोन दिवस राबले. पंखा नीट बसला की नाही ते बघायला जाळीसमोर वर्तमानपत्र धरायचं असतं, हवा आत ओढली जात असेल तर कागद जाळीला चिकटतो. अण्णांनी बटण दाबलं आणि कागद उडून थेट त्यांच्याच तोंडावर बसला. वायरी उलट्या जोडल्या होत्या. सव्वीस वर्षांत मी त्यांची पकडलेली ही पहिली चूक, मी सोडते काय! "अण्णा, ह्याला तुमच्याकडचा वारा लागला, उलटाच चालतोय." ते कागद बाजूला करून इतके हसले की ठसका लागला, छाती धरून खाली बसले. मी पाणी दिलं. तो ठसका होता, असंच मी धरून चालले.

पाऊस सुरू झाला आणि एका रविवारी मोहोळच्या पलीकडून फोन आला, गाय व्यायली आणि उठेना. जीप गॅरेजवर होती; न्यायला येतेय असं कळवून मी पोचले तर अण्णा आधीच गाडीत बसलेले. नवा पंखा पहिल्यांदा पाण्यात जाणार, तेव्हा सोबत हवं म्हणाले. जाताना ओढ्यात मी बटण बंद केलं, पलीकडे जाऊन चालू केलं आणि शाळेतल्या मुलीसारखी त्यांच्याकडे बघितलं. ते बाहेर बघत होते, पण मिशीत हसत होते. वस्तीवर गाय आडवी पडली होती, मान पोटाकडे वळवून. कॅल्शियम कमी झालं की गाय अशी पडते. शिरेतून बाटली दिली आणि काही वेळात ती धडपडत उभी राहिली. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, तरी दर वेळी आनंद होतो. "बघितलंत अण्णा?" म्हणत मी वळले. अण्णा बाजेवर बसले होते. अंगातला सदरा घामानं चिंब. "ऊन लागलं," म्हणाले. ऊन नव्हतंच, आभाळ होतं. डावा हात त्यांनी उजव्या हातानं धरला होता.

माझ्या बॅगेत कॅल्शियमच्या बाटल्या होत्या, जंताची औषधं होती, म्हशीला लागतात तसल्या जाड सुया होत्या. माणसासाठी काही नव्हतं. लोक मला डॉक्टर म्हणतात... त्या दिवशी त्या शब्दाची लाज वाटली. दवाखाना गाठायचा म्हणून अण्णांना पुढच्या सीटवर बसवलं, गाईचे मालक मागं बसले आणि त्यांनी अण्णांचे खांदे धरले. ओढ्यात मी बटण बंद केलं. पाण्यातून बाहेर आले, आणि पुढं चिखलाची पाच-सहा किलोमीटर वाट, मी नुसती अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. श्वास चाललाय ना, ओठ निळे पडत नाहीत ना. इंजिन किती तापलंय ते दाखवणाऱ्या काट्याकडे बघितलंच नाही. माझी मांडी कोरडी होती, स्वच्छ होती, तिच्यावर काही नव्हतं.

डांबरी सडक दिसायला लागली तेव्हा अण्णांचा हात छातीवरून सुटला आणि पुढं आला. मला वाटलं, आधारासाठी काही धरतायत. तो हात डॅशबोर्डवर चाचपडत गेला आणि बटणावर थांबला. टक् असा आवाज झाला. पुढं पंखा एकदम गर्जून उठला. मी खाली बघितलं, काटा लाल खुणेच्या टोकाला गेला होता. आणखी थोडं गेले असते तर इंजिन तिथंच जाम झालं असतं. "अण्णा, चुकलं माझं," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, मी बोल्ट चुकीच्या बाजूला फिरवायला लागले की बघायचे, तसंच. मग डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते. गाईचे मालक नंतर म्हणाले, देवाचं नाव घेत होते. मला माहीत आहे, ते मोजत होते. काटा खाली यायला किती आकडे लागतात, ते मोजत होते.

रस्त्यावरच्या पहिल्या दवाखान्यात पोचलो. स्ट्रेचर आलं, ते आत गेले, आणि तिथल्या डॉक्टरांनी लवकरच बाहेर येऊन मान हलवली. झटका मोठा होता, आधी आणलं असतं तरी सांगता आलं नसतं, असं म्हणाले. मी स्वतः असंच बोलते, गोठ्यात उभी राहून, लोकांना बरं वाटावं म्हणून.

तेव्हापासून मी एकच हिशेब मांडते आहे. लोखंडी पंखा असता तर ओढ्याच्या दोन्ही काठांना थांबावं लागलं असतं, माझ्या ह्या बोटांनी बोल्ट सोडवायला वीस मिनिटं गेली असती. म्हणजे विजेचाच बरा होता. पण लोखंडी असता तर मी विसरले नसते, आणि अण्णांना उरलेली ताकद माझी चूक निस्तरण्यात घालवावी लागली नसती. कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर येत नाही. गेली सव्वीस वर्षं असं काही अडलं की मी ज्यांना विचारत होते, ते आता विचारायला नाहीत.

तेराव्यानंतर गॅरेजवर गेले. वहिनींनी कुलूप उघडलं. खिळ्यावर माझा जुना पंखा टांगला होता. सहाही पाती ठोकून सरळ केलेली, वर लाल रंग दिलेला, नव्यासारखा. बाजूला जुना पट्टा. "ताई माघारी येतील म्हणले हुते. आल्या की चढवून द्यायचा," वहिनी म्हणाल्या. मग पट्ट्यावरची धूळ पदरानं पुसत, "छातीत तर पहाटेपासनं दुकत हुतं. मी म्हणलं, नगा जाऊ. तर म्हणले, पयल्यांदा पाण्यात ताईंनी एकट्यानं घालायची न्हाय." वहिनींनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरं तर मी त्यांना धीर द्यायला गेले होते.

शेजारच्या गॅरेजवाल्यानं विचारलं, बसवून देऊ का लोखंडी पंखा? मी बघू म्हणाले. दर आठवड्याला तो विचारतो, दर आठवड्याला मी बघू म्हणते. पंखा खिळ्यावरच आहे. जुना पट्टा मात्र मी घेऊन आले. आता ओढा आला की मी बटण बंद करते आणि तो पट्टा मांडीवर घेते. त्याचं गाडीत काही काम नाही. पलीकडे गेल्यावर बटण चालू केल्याशिवाय तो खाली ठेवत नाही. सलवारीला पुन्हा डाग पडायला लागलेत.

घरी येऊन किल्ली काढते. इंजिन थांबतं, विजेचा पंखा लगेच थांबत नाही, आत सगळं निवेपर्यंत फिरत राहतो. मी बॉनेटवर हात ठेवून उभी राहते. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु... पंखा चालूच असतो, आणि पुढचे आकडे मला येत नाहीत.