पुढची चाकं लागली ती सकाळ

त्या पावसाळ्यात मी इष्टलिंगाची पूजा करणं सोडलं होतं. लिंग गळ्यातच होतं, काढून ठेवायची हिंमत झाली नाही. पण सकाळी ते तळहातावर घेऊन बसणं बंद झालं. माझ्या बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा तिला लातूरला डायलिसिसला न्यावं लागत होतं. जिनं आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही, तिच्याच वाट्याला हे का, असं मी महादेवाला विचारलं होतं. उत्तर आलं नाही, म्हणून मी रुसलो.

निलंग्याजवळच्या गावात मी तीस-पस्तीस वर्षं गाड्या दुरुस्त करतो. माझी स्वतःची एक जुनी जीप आहे, चारही चाकांनी ओढणारी. त्या आठवड्यात ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला आणि डायलिसिसची एक पाळी चुकली. दुसऱ्या पाळीला रानातला कच्चा रस्ता तेवढा उरला होता. काळ्या मातीच्या चिखलात नुसत्या मागच्या चाकांवर गाडी निघत नाही, पुढचीही ओढावी लागतात. नेमकी तीच ओढत नव्हती. फोर व्हीलचा दांडा टाकला की डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकायचा, पण पुढचा एक्सल जोडला जायचा नाही. दोन दिवस मी जीपखाली पडून होतो. स्विच बदलला, तारा तपासल्या, शेवटी एक्सलही उघडला. आत सगळं ठीक होतं. परत बंद केला, तर अंगणात एकदा दिवा स्थिर लागला, म्हणजे पुढची चाकं जोडली गेली. तेवढ्यावर विसंबून आम्ही सकाळी निघालो.

अर्ध्या वाटेवर, एका उसाच्या फडाशेजारी, मागची चाकं रुतली. दांडा टाकला, दिवा पुन्हा लुकलुकला. पुढची चाकं मढ्यासारखी पडून होती. शेजारी बायको बसलेली. पाय सुजलेले, दोन शब्द बोलली की धाप लागत होती. तरी मलाच म्हणाली, "अहो, घाबरू नका. बघा सावकाश." इंजिन चालू ठेवून मी बॉनेट उघडलं आणि नुसता बघत राहिलो. जे येत होतं ते सगळं करून झालं होतं. छातीवरच्या लिंगावर हात गेला आणि मनात म्हणालो, 'महादेवा, मला कळंना झालंय.' मागितलं काहीच नाही. कळत नाही, एवढंच कबूल केलं.

तेवढ्यात बांधावरून एक बाई आली. चाळिशीची असेल. डोक्यावर पोत्याची खोळ, खांद्यावर ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं. गाडीजवळ येऊन ती थांबली, मान तिरकी केली आणि म्हणाली, "मामा, हितं कुठंतरी नळी फुटलीय बघा. सुईसुई आवाज यायलाय."

"कसला आवाज? मला तर काही येईना."

"मला यायलाय की," बायको आतून म्हणाली. "मला वाटलं, ह्या गाडीचा असतोच."

त्या क्षणी मला जे समजलं ते आजही सांगताना जड जातं. घणाचे ठोके ऐकून ऐकून माझ्या कानांतून बारीक आवाज कधीच गेले होते, आणि मिस्त्रीचे कान गेले हे कुणाला कळू नये म्हणून मी ते स्वतःपासूनही लपवलं होतं. या जीपमध्ये इंजिनाच्या पंपापासून पुढच्या एक्सलपर्यंत एक बारीक रबरी नळी जाते. तिच्यातून हवा ओढली गेली की एक्सलच्या आतला दांडा सरकतो आणि पुढची चाकं जोडली जातात. बाईनं बॅटरीच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. तिथं नळीला उभी चीर होती.

"ठिबक फुटलं की आम्ही असंच कानानं धरतो," ती म्हणाली. वेटोळ्यातली बारीक नळी तिनं विळ्यानं बोटभर कापली. मी चिरलेला भाग काढून टाकला, दोन्ही टोकांत तो तुकडा बसवला आणि वरून टायरच्या ट्यूबची पट्टी आवळली. दांडा टाकला. दिवा स्थिर झाला. जीपनं एक हिसका दिला आणि पुढच्या चाकांनी चिखल धरला. आम्ही लातूरला पोचलो. नर्सबाई बायकोचे पाय बघून म्हणाल्या, "आज आणलंत ते बरं केलंत."

पुढच्या आठवड्यात मी त्या बाईंच्या वस्तीवर गेलो. घरात भिंतीवर बुद्धांचा फोटो होता. म्हणालो, "ताई, त्या दिवशी महादेवानंच तुम्हाला धाडलं."

त्या हसल्या. "मला न्हाई माहीत, मामा. पाण्यात नळ्या जातील म्हणून गुंडाळायला आले, अन् आवाज आला. चहा घ्या."

मी वाद घातला नाही. चहा घेतला.

बायकोचा आजार गेलेला नाही, लातूरच्या फेऱ्या चालूच आहेत. पण सकाळी मी पुन्हा तळहातावर लिंग घेऊन बसतो, आणि 'का' असं विचारत नाही. दुकानात गाडी आली की आधी मालकालाच शेजारी उभं करतो आणि म्हणतो, "जरा ऐकून सांगा, मला नीट ऐकू येत नाही." हे म्हणायला पहिल्यांदा जीभ अडखळली. आता त्या शब्दांनी मन हलकं होतं, पूजेनंतर होतं तसंच.